पाणी चढत होते की चढत असे?

जोयडा तालुक्याला आमच्या भागातली जुनी माणसे अजूनही 'सुपा तालुका' म्हणतात. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे सुपा गाव गणेशगुडीच्या धरणाच्या पाण्यात गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, कितीतरी कुटुंबांनी रामनगरला नव्याने चुली मांडल्या. ही हकिगत १९८०च्या दशकातली. ती आमच्याकडे घराघरांत सांगितली जाते. लिहिली मात्र फार कमी गेली आहे. म्हणून काही वर्षांपूर्वी एका अंकासाठी मी रामनगरच्या एका आजीबाईंची आठवण लिहून घ्यायला बसलो. त्या घरात कोकणी बोलतात, पोथी मराठीत वाचतात, आणि बाजारात व कचेरीत कन्नडवर वेळ निभावून नेतात. आपल्यापैकी निम्म्या घरांची हीच तऱ्हा आहे, तेव्हा त्याचे नवल नको.

आजींनी सांगितले ते असे : "उदक चडटालें. पावंड्यांक लागतालें. उदक चडटालें." आणि मग बराच वेळ त्या गप्प बसल्या.

मी मराठीत लिहिले : 'दर पावसाळ्यात नदीचे पाणी चढत असे. पायऱ्यांना लागून ते उतरत असे. त्या वर्षी मात्र पाणी चढतच राहिले.'

व्याकरणाच्या दृष्टीने यात बोट ठेवायला जागा नाही. बाळबोध, स्वच्छ मराठी. दुसऱ्या दिवशी मी ते त्यांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुवें आदींच सांगून उडयलें." म्हणजे, तू आधीच सांगून टाकलंस!

तेव्हा मला ते नीट उमगले नाही. म्हातारपणीची तक्रार समजून मी मान डोलावली आणि लेख धाडून दिला. आज त्या एका वाक्याची समीक्षा लिहायला बसलो आहे, कारण मला आता पुरते पटले आहे की साहित्यकृती म्हणून त्यांच्या तीन वाक्यांत जे होते ते माझ्या तीन वाक्यांत उरले नाही. आणि जे गेले ते शब्दांतून गेलेले नाही. क्रियापदाच्या शेपटातून गेले आहे.

शाळेत आपण काळ पाठ केले. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. प्रत्येकाचे वर्तमान, भूत, भविष्य. दादोबा पांडुरंगांनी १८३६मध्ये मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११मध्ये आले, आणि शाळेपर्यंत जे पोचले ते हे बारा खणांचे कपाट. गुरुजींनी ते पाठ करून घेतले. पण एका कपाटात दोन वेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत हे काही सांगितले नाही. भूत, वर्तमान, भविष्य हे 'केव्हा' घडले ते सांगतात. अपूर्ण, पूर्ण, रीती यांचा 'केव्हा'शी काही संबंध नाही. घटनेकडे कुठून बघायचे, आत उभे राहून की बाहेरून, एकदाच की पुन्हापुन्हा, ते त्या सांगतात. भाषाशास्त्रात याला 'क्रियाव्याप्ती' असे नाव आहे. 'पाणी चढले' म्हटले की आपण काठावर उभे राहून झालेला प्रकार बघतो. 'पाणी चढत होते' म्हटले की आपले पाय ओले होतात.

हे नुसते अलंकारिक बोलणे नव्हे. रोल्फ झ्वान हे मूळचे हॉलंडचे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि कॅरल मॅडन यांनी २००३मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी वाक्ये वाचायला द्यायची : एकात माणसाने आग पेटवली, दुसऱ्यात माणूस आग पेटवत होता. मग चित्रे दाखवायची; एकात आग धडधडून पेटलेली, दुसऱ्यात ती पेटवणे चालू असलेले. 'पेटवली' वाचणाऱ्यांचा कल पेटलेल्या आगीच्या चित्राकडे स्पष्ट होता. 'पेटवत होता' वाचणाऱ्यांचा मात्र कुठल्याच एका चित्राकडे तसा ओढा दिसला नाही. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की अपूर्ण क्रिया वाचताना प्रत्येक वाचक त्या घटनेत वेगवेगळ्या टप्प्यावर शिरतो. कुणाच्या मनात नुसती काटकी पेटते, कुणाच्या मनात अर्धी चूल.

आता आजींच्या वाक्याकडे पाहा. 'उदक चडटालें' ऐकताना माझ्या मनात पाणी एका पायरीवर होते, माझ्या पत्नीच्या मनात दुसऱ्या. कुणाचीच पायरी चुकीची नव्हती. मी 'चढतच राहिले' लिहून सगळ्यांना एकाच पायरीवर आणून उभे केले.

डच म्हटले की आपल्याला वेंगुर्ल्याची सतराव्या शतकातली वखार आठवते, त्यापलीकडे त्या भाषेशी आपले देणेघेणे नाही. पण या प्रश्नाच्या अभ्यासकांना डच भाषा फार सोयीची पडली आहे. इंग्रजीत चालू क्रिया चालू आहे असे सांगणे जवळजवळ सक्तीचे. शेजारच्या प्रमाण जर्मनमध्ये त्यासाठी खास रूपच नाही. डच या दोघींच्या मधोमध : 'आन हेत' अशी जोडणी करून क्रिया चालू असल्याचे दाखवता येते, पण दाखवलेच पाहिजे असे नाही. काही बनवणे, करणे यासाठी ती जोडणी सहज येते. कुठेतरी चालत जाणे असेल तर क्वचितच. मोनिक फ्लेकेन यांनी यावर बराच अभ्यास केला, आणि डच-जर्मन अशा दोन्ही भाषा लहानपणापासून बोलणाऱ्यांची नजर चित्रात कुठे जाते तेही यंत्राने टिपले. जर्मनीत हायडेलबर्गच्या क्रिस्तियाने फॉन श्टुटरहाइम यांच्या चमूची एक चित्रफीत या विषयात प्रसिद्ध आहे. दोन जोगिणी रस्त्याने चालल्या आहेत, पुढे एक घर आहे, त्या घरापर्यंत पोचायच्या आत चित्र थांबते. इंग्रजी बोलणारे सांगतात, दोघी रस्त्याने चालल्या आहेत. जर्मन बोलणारे त्यांना घराकडे नेतात. ज्यांच्या भाषेत 'चालले आहे' म्हणायची हुकमी सोय आहे ते रस्त्यावर रेंगाळतात. ज्यांच्या भाषेत ती नाही ते शेवटाकडे बघतात.

यावरून भाषा म्हणजे मनाचा तुरुंग असा निष्कर्ष काढणारे काढतात. मी काढत नाही. पानोस अथनासोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये जर्मन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या माणसांना अशाच फिती दाखवून कुठली कुठलीसारखी वाटते असे विचारले. जर्मनमध्ये काम चालू असताना ती माणसे जर्मनांसारखी निवड करीत, इंग्रजीत असताना इंग्रजांसारखी. एका भाषेत मोठ्याने आकडे म्हणायला लावून ती भाषा अडकवून ठेवली, तर निवड दुसऱ्या भाषेच्या वळणावर जाई. मध्येच आकड्यांची भाषा बदलली, की निवडही बदले. म्हणजे हा तुरुंग नव्हे, चष्मा आहे, आणि आपल्या सीमाभागातल्या माणसाच्या खिशात असे दोन-तीन चष्मे असतात. कुठला कधी नाकावर चढला हे त्याचे त्यालाही कळत नाही.

डचमधली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती वाचताना मला घरी आल्यासारखे वाटले. चालू क्रिया सांगायला डच माणूस 'बसणे', 'उभे असणे', 'पडून असणे' ही क्रियापदे वापरतो. 'झिट ते लेझन' म्हणजे शब्दशः 'वाचायला बसला आहे', अर्थ मात्र 'वाचतो आहे'. आपण वेगळे काय म्हणतो? वाचत बसला आहे. बोलत उभी आहे. लोळत पडला आहे. नुसती क्रिया नव्हे, त्या माणसाचा देह कसा आहे तेही क्रियापदातच आले. आणि गंमत अशी की रागसुद्धा तोच : आपल्याकडे 'रडत बसलास काय?' म्हणताना जो त्रागा असतो, तसाच कुरकुर करत बसणाऱ्याबद्दल डचांच्या 'बसण्या'तही येतो. 'मी वाट बघत होतो' आणि 'मी वाट बघत बसलो' यांत दुसऱ्या वाक्यातला माणूस आपल्याला ओट्यावर दिसतो. कथालेखकाला याहून स्वस्तात चित्र मिळायचे नाही.

हे सारे मराठी कथनाला लावून पाहिले पाहिजे. 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी ते १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि तेव्हापासून ते घराघरांत वाचले जाते. त्यातल्या आईच्या चित्राबद्दल, संस्कारांबद्दल, अश्रूंबद्दल आपण हजार वेळा ऐकले. पण ते चित्र मनावर ठसते कशाने? माझ्या मते त्याचा मोठा वाटा रीतिभूतकाळाचा आहे. आई करी, आई म्हणे, आम्ही जात असू. अशा वाक्यांत आई कुठल्याच एका दिवशीची नसते; अनेक दिवसांच्या आया एकावर एक ठेवून त्यांची एक आई होते. आणि मग एखादा प्रसंग सांगायचा झाला की मराठी कथन एका दारातून जाते. त्या दारावर पाटी असते 'एके दिवशी', 'एकदा', 'त्या दिवशी मात्र'. पाटी आली की वाचक सावरून बसतो : आता काहीतरी घडणार.

ही पाटी म्हणजे मराठीची संपत्ती आहे, आणि काही वेळा तिची अडचणही. आजींच्या गोष्टीत मी ठोकलेली पाटी 'त्या वर्षी मात्र' ही होती. आजींनी पाटी लावलीच नव्हती. लावता येत नव्हती म्हणून नव्हे. कोकणीतल्या 'चडटालें'मध्ये मराठीचे 'चढत होते' आणि 'चढत असे' दोन्ही राहतात. आणि आश्चर्य असे की कन्नडचेही तसेच आहे : 'नीरु एरुत्तित्तु' म्हणजे पाणी चढत होते, आणि पाणी चढायचेही. 'मळे बरुत्तित्तु' म्हटले तर आत्ता दारात पाऊस पडत होता की दर आषाढात पडायचा, हे पुढचे-मागचे बोलणे ठरवते. एक आर्य कुळातली, दुसरी द्राविड, आणि या एका बाबतीत दोघींचे मत एक. पुस्तकी मराठी तेवढी वेगळी चूल मांडून बसली आहे.

म्हणजे आजींचे पहिले 'उदक चडटालें' दरसालचे होते. दुसरे शेवटच्या वर्षीचे. शब्द तेच, रूप तेच. नदी दरवर्षी चढायची, पायऱ्यांना लागायची, उतरायची. माणसांना त्याची सवय होती. शेवटच्या वर्षी घरे रिकामी झाली होती, सरकारने सारे कळवले होते, तरी दरडीवर उभ्या राहिलेल्या बाईच्या डोळ्यांना आधी ते नेहमीचेच चढणे दिसले. सवयीतून संकट कधी सुरू झाले ती रेघ तिला दिसली नाही, म्हणून तिने ती आपल्याला दाखवली नाही. ऐकणाऱ्याला दुसऱ्या वाक्यानंतरच्या गप्प बसण्यात ती रेघ आपली आपण सापडते, आणि छातीत धस्स होते. मी 'असे' आणि 'मात्र' लिहून ती रेघ तांबड्या शाईने ओढून दिली. 'आदींच सांगून उडयलें' ही तक्रार म्हातारपणाची नव्हती. ती समीक्षा होती, आणि माझ्याहून नेमकी.

त्या तक्रारीतले 'सांगून उडयलें'सुद्धा पाहण्यासारखे आहे. कोकणी उडवते, मराठी टाकते (सांगून टाकलंस), कन्नड सोडते (हेळिबिट्टि). तिघींचा हात वेगळा, झटका एकच : झाले ते झाले, आता परत घेता येत नाही. करून घे म्हणजे माडिको, करून बघ म्हणजे माडि नोडु, लिहून दे म्हणजे बरेदु कोडु. गाव बुडून गेले म्हणजे मुळुगि होयितु. तिथेही जाणे, इथेही जाणे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचा अभ्यास करून गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१मध्ये मांडले होते की तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एक झाला. पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावाचा पुन्हा धांडोळा घेऊन ते चित्र इतके सरळ नाही असे दाखवले. ते खरेच असणार. माणसे सांगाड्यातही आपला वेगळेपणा राखतात. पण सीमाभागाचे खरे मिश्रण शब्दांत शोधू नये, ही त्यातली खूण मोलाची आहे.

आपली समीक्षा नेमके तेच करत आली. सीमाभागातल्या लेखकाचे पुस्तक आले की समीक्षक त्यातले कन्नड शब्द वेचतो, 'कानडी हेल' हे दोन शब्द लिहितो आणि पुढे जातो. प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास'मधून (१९९४) आला तेव्हापासून त्याच्या बोलण्यातल्या बेळगावी गोडव्याबद्दल कौतुकाने बोलले जाते. त्याच्या आठवणी कुठल्या क्रियापदांवर उभ्या आहेत याबद्दल फारसे नाही. जी. ए. कुलकर्णी आयुष्याची कितीतरी वर्षे धारवाडात राहिले. त्यांच्या प्रतिमांवर, नियतीवर, रूपकांवर ग्रंथ झाले. पण कानावर रोज कन्नड पडत असताना हा माणूस मराठी वाक्याचा शेवट कसा करीत होता, हे कुणा तरुण अभ्यासकाने एखादा संग्रह पुढ्यात घेऊन तपासावे. प्रतिमा जिथे संपते तिथे क्रियापद असते. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या त्या विरूपाक्ष कुलकर्णी यांच्या तोंडून कन्नड ऐकून. मला हे फार महत्त्वाचे वाटते. डोळ्यांनी वाचणाऱ्या अनुवादकाला शब्द आधी दिसतो. कानाने घेणाऱ्याला वाक्याची शेपूट ऐकल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. 'बरुत्तिद्द' ऐकल्यावर 'येत होता' लिहायचे की 'येत असे', हा निर्णय कन्नड-मराठी अनुवादात पानोपानी करावा लागतो, आणि प्रत्येक निर्णयाने वाचकाच्या मनातले चित्र बदलते. त्या कष्टाची पावती आपण देत नाही, कारण तो कष्ट दिसतच नाही.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषांची शेपूट तंतोतंत जुळते. ती म्हणजे कचेरीतली नोटीस. मराठीत 'करण्यात आले आहे', कन्नडमध्ये 'माडलागिदे'. कर्ता नाही, चढ-उतार नाही, रस्ता नाही. घर एकदम आले. पुनर्वसन करण्यात आले आहे. अमेरिकेत केटलिन फॉसी आणि टीनी मॅटलॉक यांनी २०११मध्ये निवडणुकीतल्या उमेदवाराबद्दल वाक्ये देऊन पाहिले : त्याने लाच घेतली, आणि तो लाच घेत होता. 'घेत होता' वाचणारे, हा पुन्हा निवडून येणार नाही असे अधिक ठामपणे म्हणाले. उघडी ठेवलेली क्रिया माणसाला मोठी वाटते. कचेरीला हे प्रयोगाविना ठाऊक असावे. आमच्याकडे धरणग्रस्तांच्या घरात अजून कुणी 'पुनर्वसन झाले' असे म्हणताना मी ऐकलेले नाही. 'होत होते' म्हणतात.

आजींची वाक्ये कोकणीतच का छापू नयेत, असे कुणी विचारील. अवश्य छापावीत, कोकणी १९९२पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, तिला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पण आमच्या घरातली नातवंडे जे वाचतात त्यात मराठीही आहे, आणि मराठीला ही गोष्ट सांगता येत नाही असे मी मान्य करणार नाही. आमच्या भागात 'तो रोज येत होता' असे सर्रास म्हणतात. पुण्याच्या कानालाही ते अगदी खटकत नाही, फक्त लिहिताना हात 'येत असे'कडे वळतो. तोच हात आवरायचा.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका अंकाने ती आठवण पुन्हा मागितली तेव्हा मी लिहिले : 'पाणी चढत होते. पायऱ्यांना लागत होते. पाणी चढत होते.' आजी आता नाहीत, त्यामुळे वाचून दाखवता आले नाही. मुद्रिते तपासायला आली तेव्हा पहिल्या वाक्यावर कुणीतरी पेन्सिलने खूण करून समासात लिहिले होते, 'रीतिभूतकाळ हवा?', आणि तिसऱ्या वाक्याखाली, 'पुनरुक्ती. गाळावे.' मी दोन्ही खुणा खोडून समासात 'तसेच ठेवावे' असे लिहिले आणि मुद्रिते त्याच टपालाने परत पाठवली.